उजव्या हाताने डावा कान

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, कारण त्या अक्षराचा मला आता राग येतो. ते वाईट असतं तर रजिस्टर भरायचं काम माझ्याकडे आलं नसतं, आणि पुढचं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी हातून झालं असतं.

देश स्वतंत्र झाला त्यानंतरच्या पहिल्या जुलैत मी गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावी गुरुजी होतो. चौथीपर्यंतची कुडाची शाळा आणि दोन मास्तर, हेडमास्तर आणि मी. हेडमास्तरांचं अक्षर त्यांना स्वतःलाही वाचता येत नसे, म्हणून दाखल-खारीज रजिस्टर मी भरायचो. त्यात जन्मतारखेचा रकाना असे आणि त्या गावात जन्मतारीख कुणालाच माहीत नसे. आईबाप सांगत, मोठा पूर आला त्या साली झाला, किंवा वाघानं पाटलाचा बैल नेला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात. रजिस्टरात पुराला आणि वाघाला रकाना नव्हता. त्यामुळे सगळीकडे होती तीच आमचीही पद्धत होती. पोराला समोर उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचं. बोटं टेकली की सहा पूर्ण, अंगानं उंच दिसला तर सात. आणि तारीख सगळ्यांची एकच, एक जुलै, कारण शाळा त्या दिवशी उघडे. माझ्या रजिस्टराप्रमाणे त्या गावातली झाडून सगळी पोरं एक जुलैला जन्मली होती. मला त्याची गंमत वाटायची.

त्या जुलैत एक धानाचा शेतकरी आपल्या पोराला घेऊन आला. पोराचे हात असे लांब की सदऱ्याच्या बाह्या कोपराशीच संपत होत्या. मी कान धरायला सांगितला. बाकीची पोरं बोटाचं टोक कसंबसं टेकवत. या पठ्ठ्यानं डोक्यावरून हात नेऊन अख्खा कान मुठीत धरला आणि माझ्याकडे बघून हसला.

"सात," मी म्हटलं आणि टाक दौतीत बुडवला.

"लहान आहे जी अजून, गुरुजी," बाप म्हणाला. "बांबू फुलला ना, त्या साली झाला हा. आमी बांबूचाच भात खाऊन राह्यलो होतो तवा. पाच पुरे झाले असन नाई असन."

आमच्या जंगलात बांबू एकदा फुलला की माणसाच्या अर्ध्या आयुष्यात पुन्हा फुलत नाही. सगळं रान एकाच वेळी फुलतं, बी झडतं आणि मग उभं बन वाळून जातं. ते बी लोक तांदळासारखं शिजवून खातात. असं साल कुणी विसरत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "भाऊ, बांबूचं रजिस्टर वेगळं आणि शाळेचं वेगळं." हेडमास्तर हसले. आपण काहीतरी फार हुशारीचं बोललो असं मला वाटलं. गुरुजी हसतात म्हणून तो बापही हसला. मी सात वर्षांच्या हिशेबानं एक जुलै लिहून टाकली आणि ओळ वाळावी म्हणून वर राख टाकली.

चौथीपर्यंत तो पोरगा माझ्याकडे होता. मी पोरांना रोज पाटीवर आणि वहीच्या पानावर आधी तारीख लिहायला लावायचो. तारीख नसली की छडी. तारखेशिवाय पान म्हणजे मुंडक्याशिवाय माणूस, असं मी ओरडून सांगायचो. आता ते आठवलं की माझ्याच तोंडात मारावंसं वाटतं.

तो चौथी पास झाला त्याच वर्षी मी बाहेरून बी. ए. झालो आणि तालुक्याच्या हायस्कुलात ड्रिल मास्तर म्हणून लागलो. तोही पाचवीला तिथंच आला आणि बोर्डिंगात राहू लागला. शाळा सोडल्याचा त्याचा दाखला मीच लिहिला होता, सही तेवढी हेडमास्तरांची. हायस्कुलाच्या रजिस्टरात त्याच दाखल्यावरून तारीख उतरली. म्हणजे एकदा लिहिलेली थाप मी दुसऱ्यांदा सुवाच्य अक्षरात लिहिली.

मैदानात मात्र मी खरा माणूस होतो, एवढं माझ्या बाजूनं म्हणू द्या. पहाटे सहाला पोरांना उठवून मी खो-खोचं मैदान चुन्यानं आखायचो, त्यांच्याबरोबर धावायचो, त्यांचे गुडघे फुटले की हळद लावायचो आणि चुकलं की शिव्याही घालायचो. तो लांब हातांचा पोरगा नववीत आला तेव्हा त्याच्यासारखा गडी जिल्ह्यात नव्हता. पळणाऱ्याला वाटायचं, अजून दोन पावलांचं अंतर आहे, सुटलो. तोवर याचा हात पाठीला लागलेला असे. खांबाजवळ तर त्याला वळावंही लागत नसे. दरवर्षी आम्ही डोंग्यातून वैनगंगा ओलांडून मोटारीनं चांद्याला जिल्ह्याच्या सामन्यांना जायचो, आणि दरवर्षी त्याचा बाप स्वयंपाकाला बरोबर यायचा. घरच्या धानाचे तांदूळ तो खांद्यावरून आणायचा. भात वाढताना आपल्या पोराला मुद्दाम शेवटी वाढायचा.

आणि दरवर्षी आम्ही हरायचो. चांद्याच्या एका शाळेच्या संघात मिशा फुटलेले बाप्ये खेळत. एका गड्याच्या अंगावरची लग्नाची हळद अजून उतरली नव्हती आणि तो आठवीत होता. मी पंचांशी भांडलो, टेबल बडवलं, एकदा शिट्टी फेकून मारली. सामन्यांचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "गुरुजी, वयाचा नियम कुठं लिहिलाय ते दाखवा." तो कुठंच लिहिलेला नव्हता.

म्हणून मी शिकायला गेलो. लोकांना वाटलं, पदासाठी गेलो. पदाचा मोह नव्हता असं नाही, पण आधी राग होता. तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता, नवी मंडळं निघत होती आणि शाळांच्या खेळांचा कारभार बघायला शारीरिक शिक्षणाचा पदवीनंतरचा अभ्यास केलेला माणूस जिल्ह्यात एकही नव्हता. वऱ्हाडातल्या एका कॉलेजात वर्षाचा अभ्यासक्रम होता. मी निघालो त्या दिवशी तो पोरगा माझी ट्रंक घेऊन मोटारीपर्यंत आला.

"गुरुजी, त्या कॉलेजात मले घेतीन का जी?" त्यानं विचारलं. "मले तुमच्यासारखा ड्रिल मास्तर व्हायचं आहे."

तिथं गेल्यावर मी पहिलं काम केलं ते चौकशीचं. विभागाच्या संघातून खेळलेल्या मुलाला मॅट्रिकनंतर कॉलेजात फी माफ आणि वसतिगृहात जागा मिळत असे. विभागाची निवड नागपूरला व्हायची, आणि नागपूरला जायचं तर आधी चांद्याला जिंकायला हवं. मी त्याला तसं पत्र लिहिलं. बोर्डिंगातल्या पोरांनी नंतर सांगितलं की ते पत्र तो भूगोलाच्या पुस्तकात ठेवून फिरायचा.

कॉलेजात मला एक निबंध लिहायचा होता. विषय मीच निवडला, शालेय स्पर्धांतील वयोगट. चार महिने मी त्यावर घालवले. मिशावाल्यांवरचा सगळा राग त्यात ओतला. खेळाडूच्या वयाचा पुरावा म्हणून फक्त शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर मानावं असं लिहिलं. आणि एक वाक्य असं लिहिलं की अशिक्षित पालकांच्या तोंडी माहितीवर मुळीच विसंबू नये. प्राध्यापकांनी त्या वाक्याखाली तांबडी रेघ मारून बाजूला 'उत्तम' लिहिलं. मी ते पान खोलीतल्या सोबत्याला दोनदा दाखवलं. रजिस्टरं कशी भरतात हे त्या कॉलेजात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी तो निबंध लिहिताना मला ते एकदाही आठवलं नाही. खोटं सांगत नाही. खुर्चीवर बसून लिहायला लागलं की मैदानातलं आणि कुडाच्या शाळेतलं किती लवकर पुसून जातं याचा मला अंदाज नव्हता.

परत आलो तो जिल्हा क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी म्हणून. चांद्याला एक खोली, टेबल, खुर्ची आणि पाणी द्यायला शिपाई. शिट्टी टेबलाच्या खणात गेली. मंडळाचे नियम मी निबंधातून जवळजवळ तसेच उतरवले. एक जुलैला ज्याची सतरा वर्षं पूर्ण झाली असतील तो खेळाडू अपात्र. पुरावा रजिस्टराचा किंवा दाखल्याचा. तोंडी माहिती ग्राह्य नाही.

त्या हिवाळ्यात सामने सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी मिशावाल्या संघातले दोघे माझ्या नियमानं बाहेर गेले. त्यांचा ड्रिल मास्तर माझ्याकडे बघत होता आणि मला उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं हेच हवं होतं. माझ्या जुन्या शाळेचा संघ अंतिम सामन्यात पोचला. त्यांचे कागद मी तपासले नव्हते. माझीच पोरं, त्यात काय तपासायचं?

अंतिम सामन्याच्या सकाळी त्या ड्रिल मास्तरनं लेखी तक्रार दिली. लांब हातांचा गडी सतरा पूर्ण झालेला आहे. नियमाप्रमाणे त्याचे कागद मागवले. दाखल्याची घडी उलगडली आणि मला माझंच अक्षर दिसलं. एक जुलै. त्याच जुलैत बरोबर सतरा पूर्ण. मी तेव्हा दोन जुलै लिहिली असती तरी तो खेळू शकला असता.

मंडळाचे अध्यक्ष वकील होते, भला माणूस. त्यांनी पोराला आणि त्याच्या बापाला खोलीत बोलावलं. बाप चुलीवरून उठून आला होता, हाताला पेज लागलेली. पोरगा सामन्याच्या चड्डीत, गुडघ्याला फडकं बांधून दारात उभा राहिला. अजून त्याला काही विशेष वाटत नव्हतं. खुर्चीवर मी होतो ना.

"मुलाचं वय काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"पंधरा पुरे झाले असन जी. बांबू फुलला त्या साली झाला."

तक्रार देणारा ड्रिल मास्तर फिस्सकन हसला.

"बांबूचं राहू द्या. पुरावा काय?"

"पुरावा..." त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि मग मी दिसताच त्याचा चेहरा मोकळा झाला. "या गुरुजीलेच विचारा ना जी. यायनंच तर याले कान धराले लावला होता. मी तवाच सांगलो होतो, लहान आहे म्हणून. गुरुजी हासले होते तवा."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्हीच दाखल केलं होतं? आठवतं काही?"

मला आठवत होतं. सदऱ्याच्या आखूड बाह्यांसकट आणि वाळूसारख्या करकरणाऱ्या राखेसकट आठवत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच उभं राहिलं. जिल्ह्याला नियम शिकवणाऱ्या सेक्रेटरीनं स्वतः अंदाजे तारखा ठोकल्या, ही बातमी संध्याकाळपर्यंत चांदाभर झाली असती. त्या दोन मिशावाल्यांना बाहेर काढणारा मी आणि खोटी तारीख लिहिणाराही मी. खुर्चीवर बसून मला सहाच महिने झाले होते.

"शेकडो पोरं दाखल केली आहेत साहेब," मी म्हणालो. "आठवत नाही. आणि तोंडी माहिती नियमात बसत नाही."

बापानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात ओळखीचा म्हणून हाक मारावी आणि तो माणूस भलताच निघावा, तसं पाहिलं. मग त्यानं अध्यक्षांना हात जोडले. "असन जी. मंग मीच भुललो असन. पोराची काई चूक नाई."

त्याच्या तोंडून खोटं मी वदवलं. माझं खोटं त्यानं आपल्या अंगावर घेतलं, आणि मी खाली मान घालून कागदावर 'अपात्र' लिहिलं. तेही सुवाच्य.

 पोरग्यानं खाली वाकून गुडघ्याचं फडकं सोडलं, त्याची नीट घडी केली आणि बाहेर थांबलेल्या बदली गड्याच्या हातात दिली.

त्याच्याशिवाय आमची पोरं हरतील आणि निदान सगळ्यांचं दुःख एकच होईल, असं मला मनातून वाटत होतं. पण पोरं चिडून खेळली आणि एका गड्याच्या फरकानं जिंकली. मैदानात धुमाकूळ झाला, मला मधोमध उभं करून फोटो काढला. तो फोटो काढताना मला विहिरीजवळ बाप आणि पोरगा भाताचं पातेलं राखेनं घासताना दिसत होते. संघाचं नागपूर पक्कं झालं. ते दोघे डोंग्यानं घरी गेले.

इथंच थांबलो असतो तर मी भित्रा ठरलो असतो, त्याहून जास्त काही नाही. पण दुसऱ्या दिवशी मी जंगल खात्याच्या कचेरीत गेलो. बांबू फुलला की ते बन मरतं आणि तिथली तोड बंद होते, त्यामुळे त्याची नोंद त्यांना ठेवावीच लागते. बाबूनं अर्ध्या तासात जुनं रजिस्टर काढलं आणि साल दाखवलं. बाप खरं बोलत होता. पोरगा कागदापेक्षा पुरता दोन वर्षांनी लहान होता. बांबूचं रजिस्टर खरोखरच वेगळं होतं, आणि तेच बरोबर होतं.

"नक्कल देऊ का?" बाबूनं विचारलं. नागपूरच्या निवडीला अजून आठवडा होता.

"नको," मी म्हटलं. "सहज विचारलं."

या तीन शब्दांची मला त्या खोलीतल्या खोट्याहून जास्त शरम वाटते. तिथं विचार करायला वेळ नव्हता असं तरी म्हणता येतं. कचेरीच्या पायऱ्या मी सावकाश उतरलो होतो.

बोर्डिंगातली पोरं त्याला वयचोर म्हणू लागली असं कळलं. थोड्या दिवसांनी कळलं की त्यानं शाळा सोडली, मॅट्रिकच्या वर्षातच. मी पत्र लिहायला बसलो. वर तारीख लिहिली आणि पुढे काही सुचलं नाही.

पुढच्या जुलैत मंडळाच्या कामानं सायकलवरून शाळा बघत हिंडताना मी त्या गावी गेलो. शाळा तीच, मास्तर नवा, विशी-बाविशीचा. मी आत बसलो होतो आणि तो नावं दाखल करत होता. अंगणात छत्री मिटवून तोच बाप आत आला. बरोबर सहाएक वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या घातलेली, लांब हातांची. मला पाहून तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "रामराम साहेब." आजवर तो मला गुरुजी म्हणायचा.

नव्या मास्तरनं मुलीला म्हटलं, "हं, उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान धर."

"नाई जी," बाप म्हणाला. "कान नका धराले लावू तिले. कागद आहे."

त्यानं धोतराच्या कनवटीतून मेणकापडाची पुरचुंडी काढली. आत वहीचं एक पान होतं, चार घड्या पडलेलं. वर ठळक अक्षरात तारीख होती, पाचवीतल्या पोराच्या हातची, दिवाळीच्या सुट्टीतली. खाली लिहिलं होतं, आज आमच्या घरी बहीण झाली. आणि त्याखाली भागाकाराची चार गणितं. तारखेशिवाय पान लिहायचं नाही हे त्यानं घरीही पाळलं होतं. अक्षर माझ्यासारखंच होतं, मीच गिरवून घेतलेलं.

मास्तरनं बिचकून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, असा घरचा कागद चालतो?"

"तीच तारीख लिहा," मी म्हणालो.

तो लिहू लागला तेव्हा बापानं ते पान माझ्यापुढे ठेवलं. "साहेब, तुमी बी खाली सही करून द्या जी. उद्या कोणी विचारलं तं तुमाले आठवन."

मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. असता तर बरं झालं असतं, मलाही थोडं तापता आलं असतं. पण तो खरोखर मदत मागत होता. मी सही केली. 

"पोरगा कुठं असतो?" मी विचारलं.

"रोवण्याले गेला जी. दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत."

"इथल्याच?"

"नाई. गावाजवळच्या बांधीत शाळेची घंटा आयकू येते ना जी. म्हणून तो तिकडं नदीपाशी काम मांगते."

मी "बरं" म्हणालो. मास्तर दुसरं रजिस्टर आणायला आतल्या खोलीत गेला. आम्ही दोघेच होतो, आणि ती मुलगी. मला आठवत होतं, एवढं सांगायला किती वेळ लागतो? मी सायकलचा पंप शोधायला लागलो.

मुलीला बहुधा वाटलं असावं की आपली परीक्षा राहून गेली. तिनं आपण होऊन उजवा हात डोक्यावरून नेला, डावा कान मुठीत पकडला आणि माझ्याकडे बघून हसली. बापानं तिचा हात धरला आणि खाली घेतला.